सोसायटीचें आयकर-पत्रक व ३१ ऑक्टोबर

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, ही गोष्ट आपल्या लोकांच्या मनांत इतकी रुजली आहे कीं, आयकराचा कागद दिसला म्हणजे तो आपला नव्हे असें समजून बाजूस सारण्याची आपणांस संवय जडली आहे. ही सूट १८८६ च्या कायद्यापासून चालत आली, हें खरें. परंतु ती जमिनीच्या उत्पन्नास आहे. शेतकऱ्यांनीं मिळून चालविलेल्या सोसायटीच्या नफ्यास नव्हे. सभासदांस कर्ज देणें, बीं-बियाणें व अवजारें पुरविणें, त्यांचा माल विकून देणें यांपासून होणाऱ्या नफ्याची वजावट १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० पी नें दिली. पण ती पत्रक भरून मागावी लागते. सन २०१८ च्या वित्त कायद्यानें तीवर अट घातली कीं, पत्रक मुदतींत दाखल न झाल्यास वजावटच नाहीं.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. तेथें सारा थकला तर नोटीस निघे, दंड बसे, फार तर जप्ती येई; पण जमिनीचा मूळ आकार कांहीं वाढत नसे. येथें उशीर झाला कीं जेथें कर नव्हता तेथें कर उभा राहतो.

आमच्या परिचयाच्या एका सोसायटीचें उदाहरण घ्या. नफा चार लाख रुपये, सर्व सभासदांशीं झालेल्या व्यवहारांतला. लेखापरीक्षणाचा अहवाल हातीं येण्यास नोव्हेंबर उजाडला व पत्रक मुदत टळल्यावर डिसेंबरांत गेलें. पुढें बंगळूरच्या केंद्राकडून सूचना आली. पहिल्या दहा हजारांवर शेंकडा १०, पुढील दहा हजारांवर २०, बाकीच्यावर ३०, मिळून १,१७,००० रुपये. वर शेंकडा ४ उपकर धरून १,२१,६८०. व्याज व विलंबशुल्क निराळें. चेअरमनसाहेब म्हणाले, "आम्ही शेतकरी, आम्हांस कसला कर?" त्या वर्षीं सभासदांस लाभांश मिळाला नाहीं.

दोष लेखापरीक्षकावर घालण्याची रीत आहे. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणें हिशेबतपासणी वर्षअखेरीपासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, पुरी व्हावयाची. पत्रकाची मुदत ३१ ऑक्टोबर. मधले तीन महिने जातात कोठें? पेरणी झाली कीं पाहूं, पोळा झाला कीं पाहूं, आतां दिवाळीच आली! कित्येक ठिकाणीं एकाच गटसचिवाकडे दोनतीन गांवच्या सोसायट्या असतात, हेंही विसरतां येत नाहीं. त्या बिचाऱ्यानें कोणती कीर्द आधीं उघडावी?

सरकारची ढिलाईही यास खतपाणी घालते. २०२५ सालीं हिशेबतपासणी लागणाऱ्यांची मुदत १० डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. त्यामुळें मुदत ही वाढणारीच वस्तु, असें लोकांस वाटूं लागतें. २६ जुलै २०२३ च्या परिपत्रकानें, राज्याच्या कायद्याखालील तपासणी लांबल्यामुळें वजावट गमावलेल्या संस्थांस विलंब माफ करून घेण्याची वाट दिली. पण ती २०१८-१९ ते २०२२-२३ या पांच आकारणी-वर्षांपुरतीच, व तीही अर्ज करून, कारण पटवून.

आमची सूचना इतकीच कीं, मार्चअखेरचे हिशेब मे महिन्यांत, पेरणीपूर्वीं, तपासनिसापुढें जावेत, व पत्रक दाखल झाल्याची पोंच ३० सप्टेंबरपूर्वीं भरणाऱ्या वार्षिक सभेंत वाचून दाखविली जावी. पोंच नसेल, तर सभासदांनीं नफावांटणीचा ठराव चर्चेस येण्यापूर्वीं उभे राहून ती मागावी.