नाग्याची जैत आणि मधाची मालकी

जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटाविषयी प्रेक्षक भरभरून बोलतात, ते गाण्यांविषयी आणि स्मिता पाटील यांच्या अभिनयाविषयी. माशांच्या डंखाने डोळा गमावलेला ठाकर नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील पोळी उतरवून सूड घेतो. त्या जैतीची किंमत चिंधीचे प्राण देऊन चुकवावी लागते. परंतु जिवावर उदार होऊन काढलेल्या मधाची मालकी कोणाची, हा प्रश्न कौतुकात हरवतो. ती मालकी आदिवासींना कायद्याने मिळण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात स्वतः पिकविलेल्या मिरचीचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न परका नाही. माशांवरचा सूड एकट्याला घेता येतो. हक्काची जैत संघटनेवाचून मिळत नाही.