पवित्र आणि सोवळे : एका भाषांतराचे दुष्परिणाम

अस्पृश्यतेचा विषय निघाला, की आपल्याकडच्या सुशिक्षित चर्चांत कोणीतरी घसा साफ करून हमखास सांगतो : हे जगभर होते, ज्यूंच्या धर्मशास्त्रात पाहा, तिथेही विटाळ आहे, सोवळेओवळे आहे, बाळंतिणीला चाळीस दिवस बाजूला बसवलेले आहे. ऐकणारा गप्प होतो, कारण त्याने 'लेवीय' वाचलेले नसते. सांगणाऱ्यानेही बहुधा वाचलेले नसते. आम्ही मराठीचे अध्यापक. धर्मशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण जो युक्तिवाद मुळात एका शब्दाच्या ढिसाळ समजुतीवर उभा आहे, तो तपासणे हे भाषेच्या माणसांचेच काम आहे, असे आम्हांस वाटते.

तो शब्द म्हणजे हिब्रूतील 'कादोश'. मराठीत त्याला आपण 'पवित्र' म्हणतो, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. 'पवित्र' हा शब्द 'पू' धातूचा. त्याचा अर्थ शुद्ध करणे. सोमरस गाळण्याचे साधन ते पवित्र, धर्मकृत्यात बोटात घालावयाचे दर्भाचे वळे तेही पवित्र. म्हणजे आपल्या शब्दाच्या पोटातच धुणे, गाळणे, निर्मळ करणे आहे. हिब्रूत या अर्थासाठी निराळा शब्द आहे : 'ताहोर'. 'कादोश'च्या धातूच्या मूळ अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नियमग्रंथातील त्याचा वापर पुरेसा स्पष्ट आहे. जे देवाच्या मालकीचे, त्याच्यासाठी वेगळे काढलेले, ते कादोश.

'लेवीय'च्या दहाव्या अध्यायात याजकांना दोन भेद ओळखण्याची आज्ञा आहे : कादोश आणि 'होल' हा एक, 'तामे' आणि ताहोर हा दुसरा. कादोशच्या विरुद्ध अशुद्ध नाही, तर होल, म्हणजे नेहमीच्या वापरातले, साधे. शेत, चूल, आठवड्याचे सहा दिवस हे सारे होल. त्यात कमीपणा काहीच नाही. जगाचा बहुतेक भाग तसाच असायचा आहे. या दोन जोड्यांची आपण एकच जोडी केली आणि तिला 'सोवळे-ओवळे' असे घरगुती नाव देऊन मोकळे झालो.

ज्याला याची खात्री करून घ्यायची असेल त्याने 'अनुवाद' या पुस्तकाचा बाविसावा अध्याय पाहावा. द्राक्षमळ्यात दुसरे बी पेरले, तर ते सारे पीक 'कादोश' होईल, असा तेथे इशारा आहे. येथे 'पवित्र होईल' म्हणून पाहा. इशाऱ्याचा अर्थच लागत नाही. 'मालकाच्या हातून जाईल, देवस्थानचे होईल' म्हणा, लगेच लागतो. शिवाय जे कादोश ते धोक्याचेही. कराराचा कोश कलंडेल म्हणून सावरायला हात लावणारा उज्जा जागच्या जागी मरतो. त्याच्या हाताला विटाळ होता, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

आता अशुद्धीकडे वळू. बाळंतपण, शरीरस्राव, विशिष्ट त्वचाविकार, प्रेत, काही प्राण्यांची कलेवरे ही तिची मुख्य उगमस्थाने. जेकब मिल्ग्रॉम यांनी आपल्या तीन खंडांच्या भाष्यात (१९९१ ते २००१) या सर्वांमागे मृत्यूची छाया असल्याचे प्रतिपादन केले. मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये वर्गीकरणाची व्यवस्था आणि पूर्णत्व यांचे सूत्र मांडले. पुढे त्यांनी स्वतःच ते बरेचसे मागे घेतले, हे आपल्याकडे त्यांचा हवाला देणाऱ्यांच्या गावीही नसते. सूत्र कोणतेही घ्या, एक गोष्ट ढळत नाही : ही अशुद्धी म्हणजे पाप नव्हे. प्रेताला मूठमाती देणे कर्तव्य आहे आणि त्यानेच सात दिवसांची अशुद्धी येते. तांबड्या कालवडीची राख त्या अशुद्धीतून सोडवते, पण ती राख गोळा करणारा स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो! पाणी, सूर्यास्त, सात दिवस, एखादे अर्पण, प्रकरण मिटले. बाळंतिणीच्या चाळीस दिवसांपैकी पहिले सात सोडले, तर उरलेल्या तेहतीस दिवसांत तिला मज्जाव आहे तो पवित्रस्थानात जाण्याचा आणि पवित्र वस्तूंना शिवण्याचा. मुलगी झाल्यास हे दिवस दुप्पट होतात, याचे मात्र पटण्याजोगे समर्थन आमच्या वाचनात आलेले नाही, आणि ते शोधण्याची आम्हांला गरजही वाटत नाही. त्वचाविकार असलेल्याला छावणीबाहेर राहावे लागे, हेही कठोरच. तरीही तो बरा झाला, की याजक स्वतः बाहेर जाऊन त्याला तपासतो आणि तो परत येतो. अशुद्ध म्हणून जन्मलेला आणि मरेपर्यंत अशुद्ध राहणारा माणूस 'लेवीय'च्या या नियमांत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये इतर समाजांतील तात्पुरता विटाळ आणि इथली वंशपरंपरागत अस्पृश्यता यांतला फरक आरंभीच मांडून ठेवला आहे. 'सगळीकडेच होते' म्हणणाऱ्यांना तो वाचण्याची सवड अजून मिळालेली दिसत नाही.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनीही हुरळून जाऊ नये. 'लेवीय'चा एकोणिसावा अध्याय पुढे करून कादोश म्हणजे निव्वळ सामाजिक न्याय, असे सांगण्याची एक प्रथा आहे. त्या अध्यायात साऱ्या समाजाला कादोश होण्यास सांगितले आहे, हे खरे. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, परदेशी माणसावर स्वतःसारखे प्रेम करा, हे सारे तेथे आहे. पण दोन जातींचे बी एका शेतात पेरू नका, दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड अंगावर घालू नका, हेही त्याच दमात आहे, आणि सोयीचे तेवढे वेचणाऱ्यांना ते दिसत नाही. पंचविसाव्या अध्यायात परदेशी दास कायमची मालमत्ता म्हणून मुलाबाळांकडे जाऊ शकतात. याजकपण अहरोनाच्या कुळातच राहते, आणि त्या कुळातला पांगळा वा आंधळा पुरुष पवित्र अन्न खाऊ शकला, तरी वेदीपाशी जाऊ शकत नाही. जन्माला येथे महत्त्व आहेच. पण ते पावित्र्याच्या टोकाला आहे, विटाळाच्या टोकाला नाही.

तुलनाच करायची असेल, तर ती एज्राच्या पुस्तकाशी करावी. तेथे परक्या स्त्रियांशी झालेले विवाह म्हणजे 'पवित्र बीजा'ची भेसळ ठरते आणि त्या बायकांना मुलांसह घालवून देण्याचा ठराव होतो. कादोश हा शब्द येथे वंशाला चिकटला. 'अनुवादा'त मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीबाहेर ठेवलेले आहेच. पण त्याच परंपरेने मवाबी रूथला दावीदाची पणजीही केले आहे. हा आतला झगडा गंभीर आहे आणि मराठीत त्यावर लिहिले जायला हवे. त्याऐवजी आपण बाळंतिणीचे दिवस मोजत बसतो.

कोकणातल्या बेने इस्रायलांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत. घाणा शनिवारी बंद, एवढेच त्यांना दिसत होते. 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात देव सर्वप्रथम कादोश करतो तो दिवस, सातवा दिवस. माणूस नव्हे, स्थळ नव्हे. शनिवारी तेल गाळले, तर ते अशुद्ध होईल म्हणून घाणा थांबत नव्हता. तो दिवस तेल्याचा नव्हता. याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असा भेदही होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार टाळला जाई. त्यामागे एज्राचे 'पवित्र बीज' किती आणि कोकणातली जात किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. 'लेवीय'मधील विटाळाच्या नियमांत मात्र त्याला आधार नाही.