मावळातील श्रमिक स्थलांतर आणि विवाह

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात श्रमिक स्थलांतराचे दोन प्रवाह आढळतात. येथील पुरुष अनेक पिढ्यांपासून रोजगारासाठी मुंबईला जात आले आहेत, तर तालुक्यातील ऊसतोडणीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून मजूर येतात. पहिल्या प्रवाहात विवाहित जोडप्याची ताटातूट होते. दुसऱ्यात विवाह हीच बहुधा काम मिळण्याची अट ठरते.

मुंबईकडील स्थलांतर

लोणावळ्याजवळील बोरघाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई जवळ आली. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबे पोहोचवण्याच्या व्यवसायातील बहुतेक डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव व जुन्नर या भागांतील आहेत. शहरात बिऱ्हाड करणे परवडत नसल्याने अनेक पुरुष एकत्र खोली घेऊन राहत. पत्नी गावी भातशेती, गुरे व सासू-सासरे सांभाळत असे. ग्रामीण चीनमध्येही ‘हुकोऊ’ या निवासनोंदणी पद्धतीमुळे स्थलांतरितांना शहरात कुटुंबासह स्थायिक होणे कठीण जाते.

ऊसतोड आणि ‘कोयता’

पवना खोऱ्यात ऊस पिकतो व कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. राज्यातील ऊसतोड मजूर मोठ्या संख्येने बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून येतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’, तर एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी जोडीला उचल देतो व ती तोडणीच्या मजुरीतून वळती होते. जोडी असल्यास उचल अधिक मिळते. शिवाय आईवडील तोडणीस गेल्यावर वयात आलेल्या मुलीला मागे कोणापाशी ठेवायचे, हा प्रश्न असतोच. या दोन्ही कारणांनी मुलींचे विवाह लवकर उरकले जातात.

परिणाम

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांहून अधिक होते. कामावरील खाडा परवडत नसल्याने स्त्रिया आजार अंगावर काढतात. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली.

उपाययोजना

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. वसतिगृहामुळे मुलीच्या सुरक्षित निवासाचा प्रश्न सुटू शकतो. मात्र उचल जोडीवर ठरते तोपर्यंत लवकर विवाहामागील आर्थिक कारण कायम राहते. स्त्रीची स्वतंत्र मजूर म्हणून नोंद व तिच्या हाती तिची मजुरी, हा म्हणूनच या प्रश्नातील कळीचा मुद्दा आहे.