ते साहेबाचे देऊळ नव्हे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोकांना इतिहासाची आवड नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? घरी पाहुणा आला की आपण त्याला सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान दाखवितो, लोणारला दैत्यसूदनाच्या मंदिरापुढे उभे करतो, मेहकरला बालाजीची मूर्ती पाहावयास नेतो. पण त्याच पाहुण्याने एखाद्या जुन्या चर्चकडे बोट दाखवून "हे कोणी बांधले?" असे विचारले, तर आपण मानही न वळविता उत्तर देतो, "ते होय? ते साहेबाचं. इंग्रजाच्या काळातलं." एवढे बोलून आपण पुढे चालू लागतो.

माझे भांडण या उत्तराशी आहे. अज्ञान पुष्कळ ठिकाणी असते, त्याचा राग येऊ नये. परंतु येथे अज्ञानाला आपण निकालाचा दर्जा दिला आहे, आणि निकाल लागला म्हणून चौकशीच बंद केली आहे.

साहेबाचे म्हणजे कोणत्या साहेबाचे? १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आले. त्यानंतर या मुलुखात जी चर्चे उभी राहिली, त्यांची कुळी एक नाही. काही सरकारी अंमलदारांसाठी होती. त्यांच्या पाद्र्याचा पगार तिजोरीतून निघे. काही मिशनची होती; ती वर्गणीवर चालत. रेल्वेच्या वाटेने आणि कापसाच्या पेठांच्या आधाराने मिशनची ठाणी पसरली. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला, हे येथे लक्षात ठेवावे. अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा या भागांत ज्या मिशनचे विशेष काम झाले ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. आणि ते इंग्रजांचे नव्हे, अमेरिकेतले! म्हणजे आपले ठरीव उत्तर पहिल्याच शब्दाला घसरते.

जिल्ह्याची दक्षिण हद्द ओलांडून जालन्याकडे गेले, तर आणखी पंचाईत होते. तेथील बेथेल ही ख्रिस्ती वसाहत नारायण शेषाद्रींनी वसविली. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेला हा मराठी ब्राह्मण. आता सांगा, हा कोणत्या साहेबाचा इतिहास?

कोणी म्हणतील, "ठीक आहे, पण बांधले कोणी हे कळून करायचे काय?" हाच प्रश्न आपण ताम्रपटाच्या बाबतीत विचारीत नाही. महामहोपाध्याय मिराशींनी विदर्भातले ताम्रपट वाचले आणि वाकाटकांचे राज्य आपल्यापुढे उभे केले. ताम्रपटात असते काय? कोणी, कोणाला, कोणती जमीन दिली. चर्चच्या जमिनीचे खरेदीखत आणि नझूलची नोंद हेच सांगतात. सोळाशे वर्षांपूर्वीचे दान भक्तिभावाने वाचायचे आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद वाळवीला घालायचा, ही कसली इतिहासभक्ती?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. "दुष्काळात पीठ दिले आणि माणसे बाटविली, हाच ना तो इतिहास?" १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडात भयंकर होता. मिशनने त्या काळात अकोल्याला मुलगे आणि खामगावला मुली सांभाळल्या. हे पुण्य म्हणावे की हिशेबीपणा, यावर खुशाल वाद घाला. मी आड येणार नाही. पण वाद घालण्यापूर्वी एवढे सांगा, त्या मुली कोणाच्या होत्या? गाव कोणते, वय काय, आईबाप कोण? मोठ्या कोठून झाल्या आणि कोणाच्या घरी नांदल्या? टीका करणाऱ्यांना त्यांची नावे ठाऊक नाहीत आणि स्तुती करणाऱ्यांनाही नाहीत. आपल्याच मातीतल्या लेकी दोन्ही पक्षांच्या भाषणांत केवळ आकडा होऊन बसल्या आहेत.

ही नावे असतील तर चर्चच्या नोंदवह्यांत. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव, वय, आईबाप, राहण्याचे ठिकाण लिहिण्याची रीत आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाची नोंद ठेवणे बंधनकारक केले. या वह्यांची थोरवी अशी की, त्यांना दुसरी प्रत सहसा नाही. हिंदुस्थानात मेलेल्या गोऱ्या माणसाच्या दफनाची नोंद आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडू शकते, कारण तशा नकला इकडून पाठविल्या जात. परंतु त्या नकलांत भर गोऱ्यांचा; आपली माणसे अगदी थोडी. म्हणजे साहेबाचे नाव सुरक्षित आहे. नष्ट होत आहे ते आपल्या गवंड्याचे, सुताराचे, पंतोजीचे नाव. ज्याला आपण साहेबाचा इतिहास म्हणून टाकून देतो, त्यातून साहेब तेवढा वाचणार आहे!

येथे ख्रिस्ती बांधवांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तिकेत मिशनऱ्यांची छायाचित्रे रांगेने छापायची आणि घरोघर जाऊन बायकांना अक्षरे शिकविणाऱ्या मराठी बाईचे नाव गाळायचे, हे काय आहे? कोनशिलेवर चकचकीत फरशी बसवायची, जुन्या थडग्याच्या अक्षरांवर चुना फासायचा आणि वह्या कुलपात ठेवून किल्ली विसरायची, याला जतन म्हणत नाहीत.

आणि मराठी साहित्यिकांनी तरी या चर्चकडे पाठ का फिरवावी? बाबा पदमनजींचे १८५७ चे 'यमुनापर्यटन' ही मराठीची पहिली कादंबरी मानली जाते. १८४२ साली अहमदनगरहून निघालेले 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक अशा शोधाचे मोठे भांडार आहे. घरात पणजीचे दागिने मिरवायचे आणि पणजीचे माहेर सांगायची लाज बाळगायची, असला हा प्रकार आहे.

काम अवघड नाही. कोनशिलेचा आणि थडग्यांचा मजकूर उतरवून घ्यावा. चर्च कोणत्या पंथाचे होते ते आधी ठरवावे. कारण १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा अनेक पंथ एक झाले, पण सगळे नव्हे, आणि कागद त्या त्या पंथाकडे गेले. पाळकांची परवानगी घेऊन जुन्या वह्यांची छायाचित्रे काढावीत, हयात माणसांची खाजगी माहिती वगळावी. वर्गातली दहावीची चार मुले हे एका सुटीत करतील, आणि पुस्तकातल्या सनावळीपेक्षा अधिक शिकतील.

दिवाळीच्या आधी घरोघर जुन्या ट्रंका उघडून झटकल्या जातात. चर्चच्या कोठीतली ती ट्रंकही याच वर्षी उन्हात आली पाहिजे. वाळवी शताब्दी महोत्सवाची वाट पाहत थांबत नाही.