आजीचा चेहरा जपा

जुना फोटो स्कॅन केला, की त्यावर बारीक दाणे दिसतात. ते घालविण्यास महागडे सॉफ्टवेअरच हवे असे नाही. ‘गिम्प’ हे सॉफ्टवेअर १९९६ पासून फुकट मिळते. त्याला जोडावयाचे ‘जी-मिक’ हे प्लग-इन फ्रान्समध्ये निघाले. तेही फुकट असून त्यात ५०० हून अधिक फिल्टर आहेत.

दाणे घालविणारा फिल्टर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतो. तो जास्त लावला, तर दाण्यांबरोबर सुरकुत्याही पुसल्या जातात. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी व फिल्टर बेताने लावावा.

आणि बंधू-भगिनींनो, आजीचा रंग मात्र उजळू नका. उन्हातान्हात राबलेला तो चेहरा नातवंडांना होता तसाच दिसावा, असे आम्हांस वाटते.