पाहून टाकलेले पाऊल

साधू-साध्वी विहाराला निघतात, तेव्हा त्यांची दृष्टी पुढच्या चार हात भूमीवर स्थिर असते. पाच समितींमधील पहिली ती ईर्यासमिती. पायाखाली जीव येऊ नये, म्हणून पाऊल पडण्यापूर्वी दृष्टी पडली पाहिजे, एवढाच तिचा साधा अर्थ. श्रावकाला ही समिती मुनींप्रमाणे पाळता येत नाही. व्यापाराच्या निमित्ताने तो चाकांवर फिरतो आणि दिवसाकाठी कोसच्या कोस ओलांडतो. तरीही तिच्या मुळाशी असलेली यतना, म्हणजे जागरूकपणे केलेली कृती, त्यालाही सोडून चालत नाही. चार हातांऐवजी चार मैल पुढचे पाहण्याचे साधन हाती आले, तर त्याचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न लंडनमधील अनेक जैन व्यापारी कुटुंबांपुढे आज रोज उभा राहतो.

पूर्व आफ्रिकेतून आणि भारतातून गेलेल्या जैन कुटुंबांनी लंडनमध्ये दुकाने उघडली, गोदामे घेतली, देरासरेही बांधली. महाराष्ट्रातील कित्येक घरांतील मुलगा, मुलगी किंवा जावई आज त्या शहरात आहे. लंडनचे दोन भाग करणारी थेम्स नदी पश्चिमेकडे पुलांनी जागोजाग सांधलेली आहे. पूर्वेकडे मात्र पात्र रुंद होते, बंदराची वाहतूक सुरू होते आणि पूल विरळ होतात. ज्याचे घर नदीच्या दक्षिणेला आणि गोदाम उत्तरेला, त्याला तेथे पाण्याखालून जाणाऱ्या बोगद्याचाच आधार असतो.

यांतील जुना ब्लॅकवॉल बोगदा 1897 साली खुला झाला. त्या काळी त्यातून घोडागाड्या जात. त्याच्या मार्गात वळणे आहेत. समोर एकदम उजेड दिसून घोडे उधळू नयेत म्हणून ती ठेवली, अशी कथा तेथे आवडीने सांगितली जाते. 1967 मध्ये शेजारी दुसरा बोगदा झाला. तेव्हापासून जुन्यातून उत्तरेकडे आणि नव्यातून दक्षिणेकडे वाहतूक होते. जुना बोगदा अरुंद आहे. चार मीटरहून उंच वाहनाला त्यात प्रवेश नाही. असे एखादे वाहन चुकून तोंडाशी आले, की त्याला बाजूला काढेपर्यंत मागची सारी रांग थांबते. एकाच्या अनवधानाचे फळ शेकडो जण भोगतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

7 एप्रिल 2025 रोजी जवळच सिल्व्हरटाउन हा सुमारे 1.4 किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला. त्यात दोन्ही दिशांना एकेक मार्गिका बस आणि जड मालवाहू वाहनांसाठी राखून ठेवली आहे. त्याच दिवसापासून नव्या बोगद्यासह ब्लॅकवॉललाही पथकर लागू झाला. सव्वाशेहून अधिक वर्षे विनामूल्य असलेली वाट व्यापाऱ्याच्या वहीत खर्चाच्या बाजूला आली.

हा कर वेळेनुसार बदलतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 10 या वेळेत उत्तरेकडे जाताना आणि दुपारी 4 ते 7 या वेळेत दक्षिणेकडे येताना चढा दर असतो. प्रारंभी ठरलेल्या दरांनुसार मोटारीला किंवा लहान व्हॅनला तो 4 पौंड आहे, तर मोठ्या व्हॅनला साडेसहा पौंड. एरवी हेच दर अनुक्रमे दीड आणि अडीच पौंड होतात. मात्र कमी दराचा लाभ स्वयंचलित भरणा खाते उघडणाऱ्यालाच मिळतो. ते नसेल, तर इतर वेळीही चढाच दर पडतो. रात्री 10 ते सकाळी 6 काहीच द्यावे लागत नाही. नाक्यावर कोणी अडवत नाही. वाहनाची पाटी टिपली जाते आणि पैसे प्रवासानंतर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरायचे असतात. विसरल्यास 180 पौंडांचा दंड होतो. तो चौदा दिवसांत भरल्यास निम्मा, म्हणजे 90 पौंड, होतो. व्यापाऱ्याने हे खाते पहिल्याच दिवशी उघडावे, हे निराळे सांगायला नको.

आता साधनाचा विचार. लंडनची वाहतूक सांभाळणारी सार्वजनिक संस्था आपल्या मुख्य रस्त्यांवरील शेकडो कॅमेऱ्यांची दृश्ये सर्वांना विनामूल्य दाखवते. घरबसल्या फोनवर किंवा संगणकावर हव्या त्या चौकाचे चित्र उघडते आणि दर काही मिनिटांनी ते बदलते. नकाशावरील तांबडी रेघ गर्दी आहे एवढेच सांगते. कॅमेऱ्यात त्या गर्दीचे रूप दिसते. रांग सरकते आहे की ठप्प आहे, रस्ता पावसाने निसरडा आहे का, एखादी मार्गिका अडवली आहे का, हे डोळ्यांनी पाहता येते.

पण पाहणे आणि उमजणे यांत अंतर आहे. प्रथम चित्रावरील वेळ वाचावी. दहा मिनिटांपूर्वीचा मोकळा रस्ता ही आताची साक्ष नव्हे. मग कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते ओळखावे. तेथे वाहने डावीकडून चालतात, हे ध्यानात ठेवले तर येणारी आणि जाणारी रांग वेगळी कळते. काही वेळा नियंत्रण कक्षच कॅमेरा वापरत असतो आणि लोकांना चित्र दिसत नाही. त्याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा नाही आणि बंद आहे असाही नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ बोगद्याच्या तोंडाचे दृश्य पाहून निर्णय घेऊ नये. जेथून दुसरी वाट धरता येते, त्या आधीच्या चौकाचे दृश्य पाहावे. एकदा बोगद्याच्या रस्त्याला लागले, की मागे फिरण्याची सोय राहत नाही. दुसऱ्या वाटाही ठाऊक असाव्यात. लहान मोटारीला 1908 सालचा रॉदरहाइथ बोगदा आहे आणि वुलिचची नाव 1889 पासून वाहनांना फुकट पैलतीरी नेते. दोन्हींकडे कर नाही, मात्र वेळ अधिक लागू शकतो.

एखादा व्यापारी वर्षाचे 240 दिवस मोटारीने दोन्ही वेळा चढ्या दरात गेला, तर त्याचे 1,920 पौंड खर्च होतात. दोन्ही फेऱ्या कमी दराच्या वेळेत केल्या तर 720 पौंड. फरक 1,200 पौंडांचा. काटकसर हा व्यापारी घराचा संस्कारच असल्याने निघण्याची वेळ बदलण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथे संध्याकाळचा हिशेब केवळ पौंडांचा राहत नाही.

लंडनचा सूर्य मुंबईच्या सूर्यासारखा नियमित नाही. डिसेंबरच्या मध्यास तो चारच्या आधीच मावळतो. तेव्हा सूर्यास्तापूर्वी घरी जेवायचे, तर चढा दर सुरू होण्याच्या कितीतरी आधी निघावे लागते. धर्म आणि हिशेब एकाच बाजूला असतात. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. सात वाजेपर्यंत गोदामात काम करून, कमी दरात नदी ओलांडून, उजेडात जेवता येते. तेव्हाही दोघांचे भांडण नाही. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या मध्यास आणि मार्चच्या पूर्वार्धात असते. सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सातपर्यंत थांबले तर अडीच पौंड वाचतात आणि व्रत मोडते. पाचला निघाले तर चढा दर द्यावा लागतो आणि रांगही लांब असते. अनेक घरांत सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, आधीच जेवण आटोपण्याची रीत आहे. तेथे तर पाचला निघणेही उशिराचे ठरते.

साडेतीन वाजता गोदामात बसलेल्या माणसासमोर कॅमेऱ्याचे चित्र येते ते अशा दिवशी. रांग वाढू लागलेली दिसते. राहिलेले गिऱ्हाईक उद्यावर ढकलून आत्ता उठावे, की पंधरा मिनिटे थांबावे? कॅमेरा रस्ता दाखवील. नियमाची किंमत किती, हे तो सांगणार नाही. जो नियम अडीच पौंडांसाठी सोडला जातो, त्याची किंमत अडीच पौंडच ठरते. ती ठरवणारा टोल घेणारा नसतो, स्वतः माणूसच असतो. आणि रस्ता खरोखरच ठप्प दिसला, घरी वेळेत पोहोचणे शक्य नसले, तर बरोबर आणलेला डबा गोदामातच उजेड असताना उघडावा आणि मग शांतपणे निघावे. दूरवर पाहण्याचा हाच मोठा लाभ आहे. निर्णय रांगेत अडकून, त्रासलेल्या मनाने घ्यावा लागत नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण आहे. प्रयोजन नसताना घडणारी हिंसा टाळणे, हा त्याचा आशय. प्रमादाने, निष्काळजीपणाने होणारे आचरण त्यात येते. जी रांग निघण्यापूर्वी दिसत होती, तिच्यात जाऊन अर्धा तास इंजिन चालू ठेवणे, इंधन जाळणे आणि धूर सोडणे हे याच सदरात मोडते. त्या धुरात आजूबाजूच्या वस्तीतील लहान मुले श्वास घेतात. व्यवसायासाठी जाणे हे प्रयोजन झाले. न पाहता जाऊन अडकणे याला प्रयोजन म्हणता येत नाही.

साधनाचा दुरुपयोगही लक्षात घ्यावा. चार वाजायला पाच मिनिटे उरली आणि बोगदा मोकळा दिसला, की अडीच पौंडांसाठी पाय वेगावर दाबला जातो. तेथे काटकसरीचा लोभ होतो. चालत्या वाहनात फोन हाती धरून चित्र पाहणे तर व्रताच्या आणि कायद्याच्याही विरुद्ध आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी 200 पौंड दंड होतो आणि परवान्यावर सहा दोषांक लागतात. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील, तर तो रद्दच होतो. नवशिक्या मुलांना घरातील वडीलधाऱ्यांनी हे आवर्जून सांगावे. पाहायचे ते वाहनात बसण्यापूर्वी. एकदा किल्ली फिरवली, की दृष्टी रस्त्यावरच हवी. दूरचे दाखवणारे साधन समोरचे दिसू देत नसेल, तर ईर्यासमितीचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

दिवसापुरती आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा ठरवण्याचे व्रतही श्रावकाला सांगितलेले आहे. सकाळी उठून आज कोठवर जायचे, हे मनाशी निश्चित करणारी वृद्ध मंडळी अजूनही घराघरांत दिसतात. त्यांच्या शेजारी बसून नातवाने फोनवर बोगद्याचा रस्ता उघडावा. आज दोन फेऱ्यांची कामे एका फेरीत होतील का, मालाची व्हॅन सायंकाळी पाठवण्याऐवजी दुपारी पाठवता येईल का, आजचा सूर्यास्त किती वाजता, हे दोघांनी मिळून ठरवावे. आजोबांना कॅमेरा वापरता येत नसेल आणि नातवाला व्रताचे नाव ठाऊक नसेल. पण निघण्यापूर्वी पुढची वाट पाहून घ्यायची, हे दोघांनाही कळते.