आधी बरणी, मग मासे!



'फाइंडिंग निमो' हा चित्रपट 2003 साली आला. तेव्हापासून मासे पाळायचे म्हटलं की मुलं एकच नाव घेतात, निमो. हा निमो म्हणजे क्लाउनफिश. खाऱ्या पाण्यातल्या ज्या थोड्या माशांची पिल्लं घरच्या टाकीत वाढवता येतात, त्यांपैकी हा एक. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. म्हणून समुद्रातून पकडलेला मासा घेऊ नका, टाकीत जन्मलेलाच मागा. तो तयार खाद्य खायला शिकलेला असतो आणि टिकतोही.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. पिल्लं वाढवायची असतील तर मासे सर्वात शेवटी आणा.

मी उलटं केलं होतं. टाकी, मीठ (खायचं नव्हे, मत्स्यालयाचं समुद्री मीठ), मासे, सगळं एका महिन्यात. जोडी जमली, आठ-दहा महिन्यांनी मातीच्या कुंडीवर नारिंगी अंडी दिसली. शिकवणीची मुलं रोज बघायला यायची. नर दिवसभर परांनी वारा घालतो, खराब अंडी तोंडाने उचलून टाकतो. आई आपली इकडेतिकडे फिरत असते! आठव्या रात्री अंधार झाल्यावर पिल्लं बाहेर आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकही उरलं नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, ती उपाशी मेली का?" हो, उपाशीच मेली. मी कोरडं खाद्य चुरून टाकत होते आणि ते त्यांना अन्न वाटतच नव्हतं.

या पिल्लांना हलणारा, जिवंत आणि अतिशय बारीक घास लागतो. त्याचं नाव रोटिफर. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा हा जीव हिरव्या सूक्ष्म शैवालावर वाढतो. आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्लं त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी, ती पहिल्या दिवशी तोंडात मावत नाहीत. ती साधारण आठवड्याने द्यायची. तोवर पिल्लांच्या पाण्यात दर मिलीलिटरला दहाच्या आसपास रोटिफर हवेत. म्हणजे अंडी दिसल्यावर धावपळ करून चालत नाही. बरणी आधीपासून जोमात हवी, आणि एक नव्हे, दोन. एक बरणी अचानक बसतेच, हा अनुभव आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. मोठी टाकी, शंभर लिटरच्या आसपास, मासे न घालता चार-सहा आठवडे चालू ठेवा, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू तयार होतात. त्याच काळात खिडकीत शैवाल आणि रोटिफर सांभाळायला शिका. महिनाभर बरणी टिकली, तरच मासे. समुद्रफूल नसलं तरी चालतं. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवापंप मात्र हवाच.

जोडी निवडताना दुकानात नर-मादी मागू नका. एक लहान आणि एक थोडा मोठा, असे दोन कोवळे मासे घ्या. या जातीत सगळे आधी नर होतात, आणि जोडीतला मोठा, दांडगा मासा मादी बनतो. मादी गेली तर नर मादी होतो. (या हिशोबाने निमोचे बाबा पुढे निमोची आई झाले असते. वर्गात सांगून बघा, पुढचा अर्धा तास तुमचा नाही!) हे सांगायला काही पालक कचरतात. मला त्यात कचरण्यासारखं काही दिसत नाही.

आणि एक विनंती. हा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प करू नका. हे मासे दहा वर्षांहून जास्त जगू शकतात, प्रदर्शन तीन दिवसांत संपतं. त्यासाठी बरणी आणि सूक्ष्मदर्शक पुरे. काचपट्टीवर एक थेंब ठेवा, रोटिफरच्या डोक्याजवळचं फिरणारं चाक दिसलं की मुलं जागेवरून उठत नाहीत.

दुसऱ्या खेपेला माझ्याकडे अकरा पिल्लं जगली. पंधरा दिवसांनी त्यांच्यावर पहिला पांढरा पट्टा दिसला, तेव्हा तीच मुलगी मोजत होती. तिची स्वतःची बरणी आता दोन महिन्यांची आहे, मासे अजून आणलेले नाहीत.